सायकल दिल्याचा फोटो छापलात, आता वर्षानंतरचाही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी जूनमध्ये तुमच्या पेपरात आमच्या सायकल ग्रुपचा फोटो आला होता. वेल्ह्याकडच्या एका शाळेत आम्ही मुलींना सायकली दिल्या त्याचा. (वेल्ह्याचं नाव आता राजगड तालुका झालंय, पण तोंडात अजून वेल्हंच बसलंय.) फोटोत २४ मुली, २४ सायकली, प्रत्येक हँडलला झेंडूची माळ आणि मागे हेल्मेट घातलेले आम्ही सगळे, मी डावीकडून तिसरी. ते कात्रण माझ्या आईने कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. फोटो छापलात त्याबद्दल मनापासून आभार, कारण त्या एका फोटोमुळे आम्हाला धनकवडी, बिबवेवाडी, सहकारनगर, पार कोथरूडपासून लोकांचे फोन आले की आमच्या पार्किंगमध्ये पण जुनी सायकल पडलीय, घेऊन जा.

पण आज पत्र लिहितेय ते त्या फोटोच्या पुढच्या गोष्टीसाठी. ती छापून आली नाही कारण कुणाला माहीतच नव्हती, आम्हालाही नाही.

जानेवारीत आम्ही सात जण असंच रविवारचं तोरण्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायचं म्हणून निघालो होतो, शाळा वाटेवर, म्हटलं बघूया तरी. रविवार म्हणजे शाळा बंद, पण शिपाईदादा तिथेच राहतात, त्यांनी गेट उघडलं. मागच्या पत्र्याच्या शेडला टेकवून ११ सायकली उभ्या होत्या, आमच्याच, निळ्या रंगावर पांढरी पट्टी, रंग आम्हीच मारलेला. एकीच्या चाकातून गवत वर आलेलं. दोन-तीन सायकलींच्या चेनवर पावसाळ्याचा गंज असा बसला होता की पायडल हलेना. एकीचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाचं दातेरी चक्र, नुसतंच गरगर फिरत होतं, पकडतच नव्हतं. शिपाईदादा म्हणाले आणखी चार मुलींच्या घरीच पडून आहेत. म्हणजे २४ पैकी फक्त ९ चालू, आणि सायकली देऊन जेमतेम सात महिने झाले होते!

तेवढ्यात शेजारच्या वाडीतली एक मुलगी आली, नववीतली, आम्हाला ओळखलं तिने. मी विचारलं बाळा तुझी सायकल कुठंय, तर तिने त्या अकरातलीच एक दाखवली आणि म्हणाली, "मॅडम, हवाच राहत नाही. दिवाळीपासून चालतच येते मी." तिची वाडी शाळेपासून साडेचार किलोमीटर, त्यातला शेवटचा टप्पा चढाचा. आमच्यातल्या एकाने चाक बघितलं तर पंक्चर नव्हतंच, व्हॉल्व्हवरची ती बारीक रबरी नळी असते ना, जिला मिस्त्री लोक वॉल ट्यूब म्हणतात, ती कुजली होती. पाच-दहा रुपयांची वस्तू. आमच्या किटमध्ये नेमकी नव्हती, कारण आमच्या स्वतःच्या सायकलींना तसला व्हॉल्व्हच नसतो. गावात सायकल दुकान नाही, मोटरसायकलचं पंक्चर काढणारा आहे त्याच्याकडेही वॉल ट्यूब नाही, म्हणजे थेट नसरापूर गाठायचं. एसटीने सायकल न्यावी तर पूर्वी टपावर चढवता तरी यायची, आता टपाला कॅरियर असलेल्या गाड्याच दिसत नाहीत. वडील रोज मजुरीला जाणारे, त्यांनी एक दिवस मोडून, कुणाचा तरी टेम्पो बघून, दहा रुपयांच्या नळीसाठी सायकल नसरापूरला न्यायची? कोण नेईल सांगा.

परत येताना कुणी कुणाशी बोललं नाही. एरवी आमच्या ग्रुपच्या गप्पा चढावरसुद्धा थांबत नाहीत.

आता थोडं आमच्या ग्रुपबद्दल सांगते म्हणजे पुढचं नीट कळेल. आम्ही काही रजिस्टर्ड संस्था वगैरे नाही. सात-आठ वर्षांपूर्वी चार जणींनी वजन कमी करायला म्हणून सकाळी सायकल काढली, तिथून हे वाढत वाढत आज साठेक जण झालेत. मी स्वतः लॅब टेक्निशियन आहे, ग्रुपमध्ये एक रिटायर्ड एसटी ड्रायव्हर काका आहेत, दोन नर्स, एक किराणा दुकानदार, आयटीतली पाच-सहा पोरं, एक रिक्षावाले दादा जे आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त फिट आहेत. दर रविवारी पहाटे साडेपाचला कात्रज चौकात जमायचं. पहिली दोन वर्षं नुसतंच फिरलो, मग ओळखीतल्या एका मुलाच्या ऑपरेशनला पैसे कमी पडत होते तेव्हा काकांच्या डोक्यातून निघालं की आपण किलोमीटरमागे पैसे जमवूया. म्हणजे मी १०० किलोमीटर मारणार, माझा भाऊ किलोमीटरला ५ रुपये देणार, ऑफिसातली मैत्रीण २ रुपये, वहिनी १ रुपया, असं. राइड पूर्ण झाली की पैसे एका खात्यात आणि सगळा हिशोब ग्रुपवर सगळ्यांसमोर. रक्कम छोटी असते पण देणाऱ्याला वाटतं की मी पण हिच्यासोबत चढ चढलो. माझी आई तर विचारते, आज किती झाले गं, मला किती द्यायचेत.

सायकलींचं काम नंतर आलं. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे ते माझ्या पिढीने डोळ्यांनी बघितलंय. खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीची शिफ्ट सुटली की रस्ताभर नुसत्या सायकली, आणि आमच्या शाळेच्या स्टँडवर आपली सायकल शोधायला पंधरा मिनिटं लागायची. आता त्याच शहरातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये, जिन्याखाली, मीटर बॉक्सच्या शेजारी किती सायकली धूळ खात पडल्यात हे एकदा मोजून बघा. मुलगा पाचवीत असताना घेतलेली, आता तो नोकरीला बंगलोरला. भंगारवाला किलोवर घेऊन जातो. आमच्या मनात आलं की शहराबाहेर मुली शाळेला पायी जातात आणि इथे या सायकली गंजतायत, तर जमवू, दुरुस्त करू, राइड करत नेऊन देऊ.

ती जूनची राइड मी आयुष्यात विसरणार नाही. नवले पुलाकडचा रस्ता आम्ही घेतच नाही, तिथे किती अपघात होतात ते तुमच्याच पेपरात वाचतो, म्हणून कात्रजचा जुना घाट चढून शिंदेवाडीला उतरलो, मग खेड शिवापूर, मग चेलाडी फाट्याला आत वळून नसरापूर. मागे टेम्पोत २४ सायकली चादरी गुंडाळून. नसरापूरला चहा झाला आणि मार्गासनीच्या अलीकडे जो पाऊस सुरू झाला तो थेट शाळेपर्यंत. मुली व्हरांड्यात उभ्या होत्या, काहींच्या आया पण आल्या होत्या. निम्म्या मुलींना सायकल चालवताच येत नव्हती, मग कार्यक्रम वगैरे राहिला बाजूला आणि आम्ही सगळे त्या चिखलाच्या मैदानावर कॅरियर धरून पळतोय, सोडू का, नको नको मॅडम सोडू नका, अशी सगळी आरडाओरड. एका मुलीच्या आईने स्वतः पदर खोचून चक्कर मारली, तिला लहानपणी भावाच्या सायकलवर शिकता आलं होतं म्हणे, लग्नानंतर पहिल्यांदाच बसली. त्या दिवशी भाषणं झाली नाहीत तेच फार बरं झालं.

म्हणूनच जानेवारीत ते शेड बघून पोटात कालवलं.

घरी येऊन मी वही काढली. तुम्ही छापाल की नाही माहीत नाही पण आमचा हिशोब इथे देते, कारण आम्ही चुकलो ते यात दिसतं. गेल्या वर्षी राइडमधून १,१२,००० रुपये जमले. १८ जुन्या सायकली दुरुस्त केल्या, प्रत्येकी साधारण २,४००, म्हणजे ४३,२००. सहा नव्या घेतल्या ५,६०० ची एक, म्हणजे ३३,६००. टेम्पो जाऊन-येऊन ६,०००. आमच्या ५८ जणांचे टीशर्ट २०,३००. बॅनर, हार, मंडप, नाश्ता ८,९००. झाले पूर्ण एक लाख बारा हजार. पुढच्या वर्षभराच्या दुरुस्तीसाठी ठेवले शून्य रुपये. शून्य! एकालाही सुचलं नाही. आणि आम्ही रोज सायकल चालवणारी माणसं आहोत हो, स्वतःच्या सायकलची चेन दर आठवड्याला पुसतो, महिन्याला सर्व्हिसिंग करतो, आणि कातळावरून खडीवरून रोज नऊ किलोमीटर जाणारी सायकल तशीच वर्षभर चालेल असं आम्ही कसं धरून चाललो?

त्या २०,३०० रुपयांच्या टीशर्टचं मला सगळ्यात जास्त लागलंय. तेवढ्यात त्या शाळेच्या सगळ्या सायकलींच्या दोन वर्षांच्या ट्यूब, टायर, ब्रेक रबर आले असते.

मग आम्ही पेठेतले एक जुने मिस्त्री गाठले. चाळीस वर्षं दुकान होतं त्यांचं, एकेकाळी भाड्याने सायकली पण द्यायचे, आता दुकान बंद करून घरी बसलेत. त्यांना फोटो दाखवले तर त्यांनी आधी आम्हालाच झापलं. म्हणाले, "ताई, सायकल लोखंडाची असली तरी तिला माणूस लागतो. तुम्ही सायकल दिली, माणूस कुठे दिला?" मी ते वाक्य वहीत लिहून ठेवलंय.

त्यांच्याकडून जे शिकलो ते तुमच्या वाचकांसाठी मुद्दाम लिहिते, कारण यानंतर जो कुणी सायकल दान करेल त्याला उपयोगी पडेल. शहरातले लोक प्रेमाने गिअरच्या सायकली देतात, महागाच्या असतात, आपल्याला वाटतं व्वा काय सायकल मिळाली. पण त्या गिअरचं डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) ज्या हँगरला (फ्रेमला लावलेल्या छोट्या पट्टीला) लटकलेलं असतं तो एकदा दगडाला लागून वाकला की खेळ खलास, चेन आऱ्यांत जाते आणि तो हँगर प्रत्येक कंपनीचा वेगळा, गावात काय नसरापुरात पण मिळणार नाही. काही सायकलींना तो बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो, त्याला गावातला साधा पंप लागतच नाही. डिस्क ब्रेकचं तर विचारूच नका. मिस्त्रींचं म्हणणं, साधी काळी सायकल कशी, मागच्या चाकाला ४० तारा, पुढे ३२, जाड टायर, त्यावर दुधाचे कॅन जायचे, सिलिंडर जायचे, काही व्हायचं नाही. म्हणून आता आम्ही मिळालेल्या गिअरच्या सायकलींचे गिअर काढून टाकतो, मागे एकच फ्रीव्हील बसवतो, चेन तेवढी कापून घेतो, दोन्ही चाकांना साधा व्हॉल्व्ह असलेली ट्यूब घालतो. चढावर त्रास होतो हे खरंय, मुली उतरून ढकलतात, पण सायकल बंद पडत नाही. आणि सगळ्या सायकलींचा चाकाचा साइज एकच ठेवायचा म्हणजे एक टायर सगळ्यांना चालतो. ही गोष्ट इतकी साधी आहे आणि आम्ही गेल्या वर्षी चार वेगवेगळ्या साइजच्या सायकली देऊन आलो होतो!

फेब्रुवारीत मिस्त्री काका आमच्यासोबत टेम्पोत बसून शाळेत आले. वय ७१, गुडघे दुखतात, तरी सलग चार शनिवार आले. पैसे घेईनात, शेवटी जाण्यायेण्याचा खर्च आणि दुपारचं जेवण एवढ्यावर तयार झाले. त्यांनी आठवी-नववीच्या सहा मुली आणि शिपाईदादा यांना शिकवलं. घमेल्यात पाणी घेऊन ट्यूब बुडवायची, बुडबुडे कुठून येतात बघायचं, तिथे कानशीने घासायचं, सोल्युशन लावून थोडं वाळू द्यायचं (सगळ्या मुली इथे घाई करतात, काका ओरडतात, "फुंकर मारू नको गं, वाळू दे"), मग पॅच. वॉल ट्यूब बदलणं. ब्रेक आवळणं. चेन ढिली झाली तर मागचं चाक मागे ओढून दोन्ही बाजू सारख्या करणं. चेनला जळकं ऑइल नाही घालायचं, त्याला माती चिकटते. चौथ्या शनिवारी एका मुलीने चाकाचा आऊट काढला, म्हणजे वाकडं फिरणारं चाक तारा आवळून सरळ केलं, हे काम भल्याभल्यांना जमत नाही. काका तिच्याकडे बघत बसले होते नुसते. नंतर मला म्हणाले, माझ्या मुलाला कधी शिकायचं नव्हतं हे.

शाळेत आता एक लोखंडी पेटी आहे. त्यात दोन पंप, पाने, चेन तोडायचं यंत्र, टायर काढायच्या पट्ट्या, सोल्युशन, पॅच, २० ट्यूब, ४ टायर, ब्रेकची रबरं, दोन फ्रीव्हील, छर्रे, ग्रीसचा डबा आणि वॉल ट्यूबचं एक अख्खं भेंडोळं. पेटीची किल्ली त्या सहा मुलींपैकी जी 'आठवड्याची मिस्त्री' असेल तिच्याकडे. वही आहे, काय वापरलं ते लिहायचं, संपत आलं की शिपाईदादा मला फोटो पाठवतात आणि पुढच्या रविवारी जो कुणी त्या बाजूला राइड मारणार असेल तो सॅकमध्ये घालून नेतो. पेटीचा सगळा खर्च मिळून सव्वानऊ हजार. गेल्या वर्षीच्या बॅनर-मंडप-नाश्त्यापेक्षा थोडासाच जास्त. एप्रिलच्या शेवटी गेलो तेव्हा २४ पैकी २१ सायकली चालू होत्या. उरलेल्या तीनपैकी एकीची फ्रेमच वेल्डिंगला सुटलीय आणि दोन सायकलींचे सुटे भाग इतर सायकलींना वापरले, हे पण काकांनीच शिकवलं.

ती दिवाळीपासून चालत येणारी मुलगी आता पेटीवाल्या सहा जणींत आहे.

आता मुख्य मुद्दा. मुलींना सायकल दिली तर शाळा सुटत नाही हे आपल्याला मनातून वाटतंच, पण ते मोजलं पण गेलंय. बिहारमध्ये २००६ साली नववीच्या मुलींना सायकलसाठी २,००० रुपये द्यायची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तर त्या वयाच्या मुलींचं माध्यमिक शाळेत जाण्याचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं होतं, आणि मुलगे-मुलींमधली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली होती. परिणाम सगळ्यात जास्त कुठे तर जिथे शाळा गावापासून तीन किलोमीटरहून लांब आहे तिथे. आफ्रिकेत झांबियात पण असाच अभ्यास झाला, त्यातही निशीथ प्रकाश होते, तिथे सायकल मिळालेल्या मुलींचा शाळेत जायचा वेळ साधारण तिसऱ्या हिश्शाने कमी झाला आणि शाळा बुडवणं २८ टक्क्यांनी घटलं. तिथल्या कार्यक्रमात नुसती सायकल देऊन सोडत नाहीत, दणकट साध्या सायकली देतात, सुट्या भागांची सोय करतात आणि त्या भागातच मेकॅनिक तयार करतात. म्हणजे आमच्या मिस्त्री काकांनी जे सांगितलं तेच तिथे आधीपासून चालू आहे. आपल्या राज्यात पण मानव विकास कार्यक्रमात १२५ तालुक्यांत मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात, आधी ३,५०० होते ते आता ५,००० केलेत, फार चांगली गोष्ट आहे. माझं एवढंच म्हणणं आहे की प्रत्येक शाळेत एक पेटी आणि शिकलेली चार-पाच मुलं-मुली पण असायला हवीत, मग सायकली सरकारने दिलेल्या असोत की कंपनीने की आमच्यासारख्या ग्रुपने.

आणि आता आपल्याच सायकलवाल्या मंडळींना थोडं सांगायचंय, राग मानू नका. हल्ली दर महिन्याला कुठल्यातरी कामासाठी सायकल रॅली असते, पर्यावरणासाठी, कॅन्सरसाठी, मुलींच्या शिक्षणासाठी. लोक सायकलवर येतायत याचा मला आनंदच आहे. पण मी स्वतः अशा एका मोठ्या राइडला ९०० रुपये भरून गेले होते, तिथे टीशर्ट मिळाला, मेडल मिळालं, पिशवी मिळाली त्यात चार कंपन्यांची सॅम्पल, डीजे होता, ड्रोन होता, स्टेजवर तासभर सत्कार. ज्या कामासाठी राइड होती त्याला किती पैसे गेले ते मी नंतर तीनदा मेल करून विचारलं, उत्तर आलं नाही. माझी विनंती आहे, जो कुणी कामासाठी राइड करेल त्याने पंधरा दिवसांत हिशोब जाहीर करावा, आम्ही वर दिला तसा, त्यात टीशर्ट पण लिहावा. ज्यांना टीशर्ट हवा त्यांनी वेगळे पैसे देऊन घ्यावा. आम्ही यंदा तसंच केलंय, ५८ पैकी ११ जणांनी घेतला, बाकीचे जुन्यावरच येतायत, काही बिघडलं नाही. आणि जमलेल्या पैशातला एक तृतीयांश भाग आधीच बाजूला, दुरुस्तीसाठी, त्याला हात लावायचा नाही.

सायकलवर बसून कामासाठी निघायचं हे आपल्या मातीत आहे. बाबा आमट्यांनी १९८५ साली तरुण मुलामुलींना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रा काढली, पाच हजारांवर किलोमीटर, मुलं-मुली सायकलवर आणि पाठीच्या दुखण्यामुळे बसता न येणारे बाबा गाडीत आडवे पडून. आजही नाशिकहून, पुण्याहून आषाढीच्या आधी शेकडो लोक सायकलवर पंढरपूरला जातात. आमचे रिटायर्ड ड्रायव्हर काका दर वर्षी जातात. ते म्हणतात वारीत वारकरी एकदा जाऊन थांबत नाही, दर वर्षी जातो. आमच्या शाळेच्या बाबतीत पण तसंच करायचं ठरलंय, नवी शाळा घ्यायची घाई करायची नाही, आधी याच शाळेत दर दोन महिन्यांनी जायचं.

सोसायटीवाल्यांना एक सांगते. सायकल द्यायची असेल तर जरूर द्या, पण देण्याआधी स्वतः एकदा हँडल धरून हलवून बघा, फ्रेमला तडा असेल तर ती भंगारातच जाऊ द्या, आम्हाला ती नाकारताना वाईट वाटतं. आणि जमलं तर सायकलसोबत दोन नव्या ट्यूब द्या.

आणि संपादक महोदय, तुम्हाला. दर पावसाळ्याच्या तोंडावर तुमच्याकडे सायकल वाटप, दप्तर वाटप, वह्या वाटपाचे फोटो येत असतील, पानं भरून. ते छापा, पण प्रत्येक फोटोची तारीख कुठेतरी लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी त्याच तारखेला बातमीदाराला त्याच शाळेत पाठवा. सायकली चालू आहेत का, कुणाच्या आहेत, कोण दुरुस्त करतं, एवढंच विचारून या. बातमी चार ओळींची आली तरी चालेल. ती बातमी येणार आहे हे माहीत असेल तर आमच्यासारखे सगळेच ग्रुप दुरुस्तीचे पैसे आधी बाजूला ठेवतील. सुरुवात आमच्यापासून करा. गेल्या वर्षीच्या फोटोतल्या शाळेत जा, आम्ही सोबत नको, आम्हाला न सांगता जा.

शाळा १५-१६ जूनला सुरू होईल. त्याच्या आदल्या रविवारी आम्ही सगळ्या २१ सायकलींचं ओव्हरहॉलिंग करायला जातोय, ग्रीस, ब्रेक, चाकांचे आऊट, सगळं. पावसाच्या आधी चेन नीट करून ठेवल्या नाहीत तर आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत परत सगळ्या गंजतात. मिस्त्री काकांनी यावेळी सांगितलंय की मी फक्त खुर्चीवर बसणार, हात त्या सहा मुलींचे चालतील. नवीन नऊ मुली आठवीत येतायत, त्यांच्यासाठी सायकली तयार आहेत, सगळ्यांचा चाकाचा साइज एक. हार नाहीत, मंडप नाही. चहा शिपाईदादांच्या घरचा.

आपली नम्र,
एक सायकलस्वार वाचक, धनकवडी, पुणे